नोंदी आपल्या, मग पानही आपलं असावं



आजची नोंद पिकाची नाही, नोंदींचीच आहे. गेल्या दोन हंगामांत बऱ्याच जणांनी विचारलं की तुमच्या जुन्या नोंदी तारखेवार कशा सापडतात आणि ते वेगळं पान कुणाकडून करून घेतलंत. करून घेतलेलं नाही, शिकून केलंय. धाटावला एमआयडीसी दाराशी असल्यामुळे कॉम्प्युटर जाणणारं एखादं पोर घरोघरी सापडतं. आमच्याकडे पुतण्या आहे. त्याने सुरुवात करून दिली, पुढचं मी रात्री जेवणं झाल्यावर बसून शिकलो. भात आणि वाल करणाऱ्या माणसाला जमतं, म्हणून लिहितोय.

आधी कारण सांगतो. चार वर्षं मी सगळं एकाच ठिकाणी लिहीत होतो, फुकट मिळणाऱ्या एका पानावर. राब कधी भाजला, पेर कधी केली, आवण किती दिवसांचं असताना लावणी झाली, कुठल्या खाचरात कडा करपा दिसला, भात निघाल्यावर वालाला ओल कितपत मिळाली. एका सकाळी ते पान उघडेना. ओळख पटवायला ते जुन्या मोबाईल नंबरावर कोड पाठवत होते आणि त्या नंबराचं जाळंच आमच्या भागात बंद झालेलं. ईमेल केले, उत्तर यंत्राचं आलं. चार वर्षांच्या नोंदी कुठेतरी शाबूत असतील, पण मला उघडता येत नाहीत.

त्यात वालाच्या बियाण्याच्या नोंदी होत्या, वडिलांनी सांगितलेल्या. कुठल्या झाडाच्या शेंगा बियाण्याला राखायच्या, कुठल्या टाळायच्या, बी किती उन्हं दाखवून मग राख लावून ठेवायचं. वडील आता नाहीत, त्यामुळे परत विचारायची सोय नाही. कागदी डायरी आणि मीच नातेवाइकांना पाठवलेले मेसेज चाळून निम्मं-अर्धं जमा झालं. बाकीचं गेलं.

हे माझ्या एकट्याच्या बाबतीत झालं असंही नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांचे व्हिडिओ एका रात्रीत दिसेनासे झाले ते तुम्हाला आठवत असेल. यात कोण बरोबर, कोण चूक हा वेगळा विषय. आपल्यापुरतं एवढंच की दुसऱ्याच्या जागेतलं पीक कधी उठवावं लागेल हे आपल्या हातात नसतं. म्हणून मूळ प्रत आपल्याकडे हवी आणि तिचा पत्ता आपल्या नावावर हवा. बाकीची तांत्रिक बाजू या दोन गोष्टींसाठीच आहे.

नाव, जागा आणि नोंद

सुरुवातीला माझा गोंधळ उडायचा तो इथेच. ब्लॉग म्हणजे एक वस्तू असं वाटायचं. पुतण्याने कागदावर तीन चौकोन काढले. पहिला, नाव, म्हणजे डोमेन. लोक जे टाइप करतात ते. दुसरा, जागा, म्हणजे होस्टिंग. तुमच्या फाइली ज्या कॉम्प्युटरवर पडून असतात तो. तिसरा, या दोघांना जोडणारी नोंद, तिला डीएनएस म्हणतात. अमुक नाव विचारलं तर तमुक जागेकडे पाठव, एवढंच तिथे लिहिलेलं असतं.

"काका, घर बदललं तरी नाव तेच ठेवायचं. फक्त ही मधली नोंद बदलायची," असं तो म्हणाला, तेव्हा मला फेरफार आठवला. उद्या जागा देणारी कंपनी बंद पडली तर फाइली उचलून दुसरीकडे ठेवायच्या आणि डीएनएस बदलायचा. वाचणाऱ्याला काही कळतही नाही. नाव कंपनीचं असेल, म्हणजे पत्त्यात शेवटी त्यांचं नाव येत असेल, तर हे जमत नाही. जागा फुकटची चालेल, नाव स्वतःचं घ्या, असं मी सांगतो ते यामुळे.

नाव मात्र सातबाऱ्यासारखं कायमचं होत नाही, ते खंडाने घेतल्यासारखं असतं. दरवर्षी पैसे भरायचे, नाहीतर मुदतीनंतर दुसरा कुणीही घेऊ शकतो. डॉट इन नावांचं काम निक्सी ही भारतातली संस्था बघते, आपण ते तिच्या नोंदणीकृत विक्रेत्याकडून घ्यायचं. मला वर्षाला हजाराच्या आत पडतं. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट अशा जाहिराती असतात, तेव्हा नूतनीकरणाचा दर आधी वाचा. दोन-तीन वर्षांचे एकदम भरता येतात. मी भरतो, कारण लावणीच्या दिवसांत मुदत संपली तर लक्ष कुणाचं असणार? आणि नाव घेताना ईमेल आणि फोन आपलाच द्या. ओळखीच्या पोराने स्वतःच्या खात्यातून घेऊन दिलं आणि पोरगं पुण्याला गेलं, अशी उदाहरणं आसपास दोन-तीन आहेत.

देवनागरी नावंही मिळतात. डॉट भारत ही सोय २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. मला मनातून तेच हवं होतं. पण काही जुनी ईमेल खाती आणि सरकारी फॉर्म ते नाव नीट घेत नाहीत, म्हणून मुख्य नाव रोमन अक्षरांत ठेवलंय.

जागेसाठी दोन वाटा आहेत. ब्लॉगर १९९९ मध्ये निघालं, २००३ मध्ये गूगलने घेतलं. फुकट आहे आणि स्वतःचं नाव त्याला जोडता येतं. वर्डप्रेस २००३ पासून आहे, त्याचा प्रोग्राम कुणीही घेऊन कुठल्याही जागेवर चालवू शकतो, पण वेळोवेळी अद्ययावत करावा लागतो. दुर्लक्ष झालं तर बाहेरचे लोक घुसतात, कुंपण नसलेल्या वालात गुरं घुसावीत तशी. मी वर्षभर ब्लॉगर वापरलं आणि आता साध्या फाइली ठेवतो. प्रत्येक नोंद एक फाइल, मागे प्रोग्राम नाही, मोडायला काही नाही. नवीन माणसाने ब्लॉगरपासून सुरू करावं, स्वतःचं नाव जोडावं आणि दर महिन्याला सगळ्या नोंदींची प्रत उतरवून घ्यावी. तेवढं पुरतं.

पत्त्याची सुरुवात https ने व्हायला हवी. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते विकत घ्यायची गरज नसते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था फुकट देते आणि बहुतेक जागावाले ते आपोआप बसवतात. यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर थांबा आणि विचारा.

मराठी लिहिताना

आपल्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास इथे होतो, आणि इंग्रजीतून शिकवणारे व्हिडिओ याबद्दल काही बोलत नाहीत.

जुनी कृषी पत्रकं, सोसायटीची निमंत्रणं, डीटीपीवाल्याने केलेली पुस्तिका यांतला मजकूर कॉपी करून मोबाईलवर टाकला की अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतात. कारण ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवायचे. आत मराठी नसतंच. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा आहेत. क हा जगात कुठेही, कुठल्याही फोनवर क च राहतो. मोबाईलचा मराठी कीबोर्ड युनिकोडच लिहितो. कॉम्प्युटरवर मी इनस्क्रिप्ट शिकलो, त्याला महिना गेला. बोलून टाइप करणंही वापरतो, पण आवण, राब, खाचर हे शब्द त्याला पटकन कळत नाहीत, ते हाताने लिहावे लागतात.

आता बारीक पण महत्त्वाची गोष्ट. "शेतकऱ्यांना" हा आपलाच शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ, हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. मशीनला ते दोन वेगळे शब्द आहेत. शिवाय घाईत बरेच जण सरळ "शेतकर्यांना" लिहितात, तो तिसरा. माझ्या नोंदींत शोधताना अर्ध्या नोंदी सापडायच्या, अर्ध्या नाहीत, त्याचं कारण हेच निघालं. आता सगळीकडे ऱ च ठेवलाय. पावसाळ्यातल्या नोंदींमध्ये "वारे" आणि "वाऱ्याने" रोज येतं, त्यामुळे फरक पडतो.

आकड्यांचंही तसंच. १२ आणि इंग्रजी बारा हे मशीनला वेगळे. लेखात मराठी आकडे वापरतो, पण फाइलच्या नावात इंग्रजीच. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मग फाइली आपोआप क्रमाने लागतात. आधी दिवस लिहिला तर १ जूनशेजारी १ ऑक्टोबर येऊन बसतो.

पानाच्या पत्त्यात मराठी शब्द ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एकेका देवनागरी अक्षरचिन्हाची टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ अक्षरं होतात. नुसता "भात" शब्द सत्तावीस अक्षरांचा होतो, लांबलचक पत्ता मध्येच तुटतो आणि समोरच्याला वाटतं काहीतरी फसवणुकीची लिंक आली. पत्त्यात तारीख आणि रोमन अक्षरांतला एखादा शब्द पुरे. आणि एकदा दिलेला पत्ता बदलायचा नाही. वेब ज्यांनी तयार केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच हा सल्ला लिहून ठेवलाय. कुणी आपली लिंक जपून ठेवली असेल तर दहा वर्षांनी तीच उघडली पाहिजे.

पान बनवताना भाषा मराठी आहे असं आत एका शब्दात सांगायची सोय असते. ते सांगितलं की ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, म्हणजे त्या फॉन्टमध्ये ती सोय असेल तर. आणि वाचून दाखवणारं यंत्र मराठी उच्चार करतं. शेजारच्या एका आजोबांना डोळ्यांनी कमी दिसतं, ते ऐकतात. तेव्हापासून हे मी विसरत नाही.

फोटो आणि रेंज

आपल्याकडे डोंगराच्या आडोशाला गेलं की रेंजचे हाल. आता हिशोब बघा. पाचशे शब्दांची मराठी नोंद साधारण आठ-नऊ केबी होते. मोबाईलचा एक फोटो चार एमबी. म्हणजे एका फोटोच्या जागेत चारशेच्या वर नोंदी मावतात. फोटो तसाच टाकला तर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जातो. मी रुंदी १२०० पिक्सेलवर आणतो, फोटो दीडशे-दोनशे केबीचा होतो आणि पानावरचे डाग ओळखू येतात. मूळ मोठा फोटो मात्र घरी जपून ठेवतो, कारण तज्ज्ञाला दाखवायचा तर तोच लागतो.

फोटोखाली काय आहे ते शब्दांत लिहा. "बघा काय झालंय" असं लिहून टाकलेला फोटो पुढच्या वर्षी कुणालाच सापडत नाही, आपल्यालाही नाही. "गादमाशी, चंदेरी पोंगा, लावणीनंतर पंचवीसावा दिवस" असं लिहिलं तर सापडतो. आपलं गावठी नाव आणि पुस्तकी नाव दोन्ही लिहायची सवय लावलीय. शेतकरी एक नाव शोधतो, कृषी सहायक दुसरं.

फोटोच्या आत जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. स्वतःच्या शेताचं हरकत नाही, पण दुसऱ्याच्या शेतातला रोग दाखवताना त्याचं नाव, गट नंबर आणि ठिकाण बाहेर जाऊ देत नाही. त्याला भात विकायचं असतं.

प्रत ठेवणं

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर जिल्ह्यात कित्येक गावांत वीज आणि मोबाईल दोन्ही बंद होते. कौलं, झाडं, पोल सगळं आडवं. त्या दिवसांतल्या माझ्या नोंदी आज आहेत त्या फक्त कागदावर लिहिल्या म्हणून. तेव्हा डायरी सोडलेली नाही. बांधावर डायरी, घरी आल्यावर फाइल.

प्रतींचा नियम सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. माझी एक घरच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक इंटरनेटवरच्या जागेत. पेनड्राइव्ह बहिणीकडे पेणला असतो, गणपतीत आणि शिमग्याला बदलला जातो. बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही आपण, त्यातलीच गोष्ट. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून पान पुन्हा उभं करून बघायचं. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे उगवण न तपासलेलं बी.

याशिवाय इंटरनेट अर्काइव्ह म्हणून संस्था आहे, तिचं वेबॅक मशीन १९९६ पासूनची जगभरची पानं जपून ठेवतं. तिथे आपल्या पानाचा पत्ता देऊन ते जतन करायला सांगता येतं, पैसे लागत नाहीत. मी प्रत्येक हंगाम संपला की देतो.

खात्याला दुहेरी कुलूप लावा, म्हणजे पासवर्ड आणि वर कोड. पण कोड नुसत्या मोबाईल नंबरावर ठेवू नका. कोड देणारं अ‍ॅप वापरा आणि ते देतात ते आपत्कालीन कोड कागदावर लिहून जमिनीच्या कागदांच्या पिशवीत ठेवा. माझे तिथेच आहेत, आणि कुठे आहेत ते बायकोला माहीत आहे. माझ्यानंतर कुणाला लागले तर?

नोंद कशी लिहितो

पानाचं तंत्र सुधारलं तसं लिहिणंही बदललं. आता प्रत्येक नोंदीच्या वर ठरलेल्या ओळी असतात:

तारीख.
खाचर किंवा तुकडा, माझ्या नेहमीच्या नावाने, आणि किती गुंठे.
वाण आणि बियाणं कुठलं. उदाहरणार्थ कर्जत-३, घरचं, दुसरं वर्ष.
पेरणीपासून किंवा लावणीपासून कितवा दिवस.
पाऊस मिलिमीटरमध्ये.
काय दिसलं.
काय केलं, किती केलं.
पुढे काय झालं. ही ओळ रिकामी ठेवतो आणि नंतर भरतो.

पाऊस "बरा झाला" असं न लिहिता मिलिमीटरमध्ये लिहायला लागलो त्याचाही फायदा झाला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर साधारण १०१ लिटर पाणी. खाचरात किती अडलं आणि खेकड्यांनी बांध पोखरून किती गेलं याचा अंदाज येतो.

शेवटची ओळ सगळ्यात उपयोगाची आहे. फवारणी केल्याचं सगळे लिहितात, फवारणी न करता सोडलेल्या तुकड्याचं काय झालं ते कुणी लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात एक कृषी सहायक आले, गादमाशीबद्दल विचारत होते, तुमच्याकडे साधारण केव्हा दिसते. पूर्वी मी "नारळी पौर्णिमेच्या आसपास" एवढंच सांगितलं असतं. या वेळी फोनवर शब्द शोधला आणि तीन वर्षांच्या तारखा, लावणीपासूनचे दिवस आणि उशिरा लावलेल्या तुकड्यातला फरक त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. माझं मत त्यांना अनेकदा सांगितलं असेल, पण ते वहीत गेलं ते या वेळी.

खर्च आणि वेळ म्हणाल तर नावाचे हजाराच्या आत, जागा फुकट, पेनड्राइव्ह एकदाच. शिकायला पहिल्या हंगामात आठवड्याला दोन रात्री गेल्या. आता रोजची नोंद पंधरा-वीस मिनिटांत होते. इथेही टाकतो, कारण मंडळी इथे आहेत. पण आधी तिथे लिहायचं आणि मग इथे आणायचं, हा क्रम मोडत नाही.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी सगळं एकदम करू नका. या आठवड्यात एवढंच करा: जिथे लिहिता तिथून आजवरच्या सगळ्या नोंदींची प्रत उतरवून घ्या. बहुतेक ठिकाणी "तुमची माहिती डाउनलोड करा" अशी सोय असते, सेटिंगमध्ये शोधा. नावाचं नंतर बघता येईल. आणि घरात कुणी जुनं माणूस बियाण्याबद्दल, पाण्याबद्दल सांगणारं असेल तर त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या, तारीख टाका आणि दोन ठिकाणी ठेवा.

आमच्याकडे वालाचं यंदाचं बी राखून झालंय. वडिलांच्या नोंदीतलं जे हाती लागलं त्याप्रमाणेच केलंय, आणि जे लागलं नाही तिथे मी काय केलं ते वेगळं लिहिलंय. उगवण कशी होते ते पेरणीनंतर कळवतो.